कंबर नसलेली अक्षरं

मालवणच्या बाजारपेठेत एक माणूस उलटा चालायचा. तोंड स्वतःच्या छापखान्याकडे, पाठ बंदराकडे आणि नजर छापखान्याच्या भिंतीवर नुकत्याच चिकटवलेल्या ओल्या कागदावर. डोळे बारीक करून, ओठांतल्या ओठांत अक्षरं पुटपुटत, एकेक पाऊल मागे टाकत तो जायचा, तो कुणावर तरी आदळेपर्यंत. बहुतेक वेळा मासे विकायला निघालेल्या बायकांवर.

"शेटानू, देवान डोळे फुडच्या अंगाक दिले हत," सांडलेले बांगडे पाटीत भरता भरता एक म्हातारी त्यांना म्हणाली. हे मी माझ्या दुकानात बसून पाहिलेलं आहे.

"तेच वापरतंय," ते म्हणाले. "तू सांग, हंयसून तां वाचूक येता?"

"माका खंयसूनच वाचूक येणा नाय."

"मगे तुझ्याकडे वेळ घालवन उपयोग नाय," असं म्हणून ते आणखी मागे सरकले. पडलेल्या बांगड्यांपैकी एकही त्यांनी उचलून दिला नाही.

हे भिकाजी तोरसकर. तोंडावर भिकूशेट, पाठीमागे ठोकळेशेट. माणूस म्हणून ते कुणालाच आवडत नसत, आणि त्याची त्यांना खंत आहे असंही कधी दिसलं नाही. त्यांच्या छापखान्याला लागूनच माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. मधे एकच भिंत. त्यांचं पायानं चालवायचं मशीन सुरू झालं की माझ्याकडची भिंतीवरची घड्याळं थरथरायची आणि दुपारपर्यंत प्रत्येकात वेगळी वेळ व्हायची. तक्रार केली तर म्हणायचे, "रमाकांता, मालवणात कोणाक खंय वेळेर पोचूचा आसता?"

मी दुकान थाटलं तेव्हा हौसेनं पाटी रंगवून घेतली होती. वळणदार अक्षरं, प्रत्येकाच्या टोकाला एक हिरवं पान फुटलेलं. उद्घाटनाला भिकूशेट आले. पेढा खाल्ला, दुसरा घेतला, रस्ता ओलांडून पलीकडे गेले, पाटीकडे पाहिलं आणि परत आले.

"बाकी सगळा बरा आसा," ते म्हणाले. "पण पाटयेर तुळस कित्याक लावलंस?"

पाहुण्यांसमोर माझा चेहरा पडला. ते त्यांना दिसलं नाही, किंवा दिसूनही चाललं. त्यावर त्यांनी त्यांचं ते ठरलेलं वाक्य ऐकवलं, जे पुढे मी अनेक वर्षं ऐकलं: "लांबसून वाचूक येणा नाय तां अक्षर न्हय, ती रांगोळी."

त्यांचं भांडण तसं साधं होतं. आपलं छापील अक्षर नीट पाहिलं तर एका ठिकाणी जाड असतं आणि एका ठिकाणी बारीक. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असायचं, त्याची ती करणी. बोरू जाऊन टाक आला, टाक जाऊन टाइप आले, पण अक्षरांनी जाडबारीक होण्याची सवय सोडली नाही. "बोरू मेलो," भिकूशेट म्हणायचे, "पण अक्षरां अजून तेच्या नावान रडतत." अक्षराच्या त्या बारीक भागाला ते कंबर म्हणायचे. "अक्षराक कंबर कित्याक होयी? नाचाक जाता काय?"

लहान टाइप शिशाचे असत, ते भिकूशेट मुंबईहून विकत आणत. पण जत्रेच्या आणि नाटकाच्या जाहिरातींना वीतभर उंचीची अक्षरं लागतात, ती लाकडाची. बाजारात मिळायची तीसुद्धा कंबरवाली. लांब उभं राहिलं की बारीक रेघ उन्हात विरघळून जायची आणि नुसते जाड तुकडे उरायचे. मग भिकूशेटांनी स्वतःच अक्षरं कापायला घेतली. काना अंगठ्याएवढा जाड, वरची शिरोरेघ तेवढीच, पोटाचं वळणही तेवढंच. टोकाला फाटा नाही, शेपूट नाही, पान नाही, फूल नाही. आडवं, उभं, वाकडं, सगळीकडे एकच जाडी. एखादा धट्टाकट्टा खलाशी पाय फाकून डेकवर उभा असावा, तसं प्रत्येक अक्षर उभं.

ऐकायला सोपं वाटतं. मी भिंतीपलीकडून त्यातली कटकट वर्षानुवर्षं ऐकली आहे. अक्षराला असे जाड हातपाय दिले की त्याच्या आतली मोकळी जागा कोंडते. तिला ते 'डोळो' म्हणायचे. 'व' आणि 'ब' बिचारे निमूट असतात, पण 'ण', 'झ', 'ह', 'क्ष' यांना जागा कमी आणि वळणं फार. शाई आत भरली की डोळा बुजायचा आणि अक्षर आंधळं व्हायचं. 'झ'साठी त्यांनी एक आख्खा पावसाळा घालवला. रोज नवा 'झ' कापायचा, छापून पाहायचा आणि चुलीत टाकायचा. शेवटी जमला तेव्हा मला हाक मारून दाखवला. मला सगळीकडे सारखाच जाड दिसला.

"सारखो नाय," ते म्हणाले. आनंदात असल्याची त्यांची एकच खूण होती, ती म्हणजे ते आवाज खाली आणायचे. "जंय दोन रेघो मिळतत थंय तासून बारीक केलंय. डोळ्याक कळणा नाय. रमाकांता, सगळीकडे सारख्या दिसाक होया, तर सगळीकडे सारख्या असान चालणा नाय."

एवढं सांगून ते आत गेले. मी काही बोलायच्या आत दार लावून घेतलं.

त्या अक्षरांनी मालवणात बरीच खळबळ माजवली. दशावताराच्या कंपनीचा मालक खूश होता, कारण वडाच्या बुंध्याला लावलेली जाहिरात आता खाडीतल्या होडीतून वाचता यायची. बंदरावर आगबोटीच्या वेळा त्याच अक्षरांत लागल्या. खडकांजवळ 'येथे पोहू नये' असा फलक लागला, तो इतका दरडावून बोलायचा की लोक तिथे पाय धुवायलाही उतरेनात. निवडणूक आली तेव्हा दोन्ही उमेदवार त्यांच्याकडेच आले आणि दोघांचीही नावं भिंतीवर त्याच ठोकळ्यांत उमटली. एकाचा कार्यकर्ता तणतणत आला, की दोघे एकाच आवाजात ओरडतात, मग मतदारानं कुणाचं ऐकायचं. भिकूशेट म्हणाले, "अक्षर मत देणा नाय. ता फक्त हाक मारता."

खरी फजिती झाली ती आबा वाडेकरांची. आबा पेठेतले कापडवाले. मुलीचं लग्न ठरलेलं, दिवस थोडे, म्हणून आमंत्रणपत्रिका छापायला भिकूशेटांकडे दिली. बरोबर मुंबईची एक नमुन्याची पत्रिका दिली, वेलबुट्टीची, मोराची. पत्रिका छापून आल्या त्या पाहून आबांना घाम फुटला. वरपासून खालपर्यंत जाड, काळी, एकाच जाडीची अक्षरं, आणि तळाशी सगळ्यांत मोठं, 'अगत्य येण्याचे करावे'.

"शेटानू, ह्यां लग्नाचा आमंत्रण आसा काय जप्तीची नोटीस?"

"लोक येतले काय नाय तां बघा."

"भियान येतले."

"येतले मां?"

आणि आले. गोव्याकडचे, ज्यांना आबांनी रीत म्हणून पाठवलं होतं, तेही बायकापोरांसह आले. पंगतीला पानं कमी पडली. आबांनी त्यानंतर बराच काळ भिकूशेटांना नमस्कार करणं सोडलं.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. आम्ही हसायचोही. यापुढचं सांगताना मला हसू येत नाही.

भिकूशेटांची बायको, सत्यभामावहिनी, कुणकेश्वरची. शांत बाई. नवऱ्याचं बडबडणं ऐकून घ्यायची आणि शेवटी एखादाच शब्द टाकायची, त्यानं शेट गप्प व्हायचे. त्यांना गप्प करू शकणारं मालवणात एवढं एकच माणूस होतं. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं. मग मुलगी झाली. वहिनींच्या माहेराहून होडीनं पाळणा आला, जुन्या शिवणीच्या लाकडाचा, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. वहिनींच्या वडिलांना त्यातच जोजवलं होतं म्हणे. बारशाच्या दिवशी भिकूशेट प्रत्येकाशी गोड बोलले. आबा वाडेकरांना स्वतः हात धरून आत नेलं. लोकांना वाटलं, शेटना बरं नाही.

मुलगी पुढचा पावसाळा काढू शकली नाही. ताप आला, उतरला, पुन्हा आला आणि ती गेली.

त्याच पावसाळ्यात भिकूशेटांची आणखी एक अडचण चालली होती, आणि ती साऱ्या बाजाराला ठाऊक होती, कारण ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. फणसाच्या लाकडाची त्यांची अक्षरं पावसाळी हवेत फुगायची. एक अक्षर वर, एक खाली, ओळ दारू प्यायल्यासारखी. त्यांना जुनं, मुरलेलं, पाणी न पिणारं लाकूड हवं होतं. त्यासाठी ते जुन्या होड्यांच्या फळ्या, मोडकी कपाटं बघत हिंडत होते.

एका सकाळी भिंतीपलीकडून करवतीचा आवाज आला. मला वाटलं, नेहमीचंच. थोड्या वेळानं माझी बायको मागच्या दारानं आली आणि म्हणाली, "भिकूशेट पाळणो कापतत."

मी धावत त्यांच्या मागीलदारी गेलो. पाळण्याचे चारही खूर सुटे होऊन बाजूला पडले होते. भिकूशेट फळीवर गुडघा रोवून करवत ओढत होते. वहिनी पडवीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. रडत नव्हत्या. मी कधी बाईमाणसाच्या डोळ्यांत तसा राग पाहिलेला नाही.

"शेट, ह्यां काय करतास?"

"लाकूड कापतंय."

"पण पाळणो तो—"

"जुना लाकूड आसा. पावसात फुगाचा नाय."

करवत थांबली नाही. मी तसाच परत आलो. त्या दिवशी माझ्या हातून एक चांगलं घड्याळ बिघडलं.

दुपारपर्यंत बातमी बंदरापर्यंत पोचली. स्वतःच्या मेलेल्या पोरीचा पाळणा अक्षरांसाठी कापला. मासेवाल्या बायका त्यांच्या दारावरून जाताना पलीकडच्या कडेनं जाऊ लागल्या. कुणी त्यांना बोललं नाही, कारण बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. थोड्याच दिवसांत वहिनींचा भाऊ आला आणि त्यांना कुणकेश्वरला घेऊन गेला. एक ट्रंक, एक वळकटी. त्या निघाल्या तेव्हा भिकूशेट मशीनवर उभे होते. पाय चालू होता. त्यांनी मान वळवली नाही. बाहेर जमलेल्यांपैकी कुणीतरी थुंकलं, आणि ते माझ्या दारात पडलं.

त्या लाकडाची अक्षरं उत्तम झाली. हे म्हणायला जड जातं, पण खोटं कसं बोलू. ऐन पावसात छापलेली पहिली जाहिरात मी पाहिली. ओळ सूत धरल्यासारखी सरळ. 'ण'चा डोळा स्वच्छ उघडा, 'क्ष' ताठ मानेचा. ती अक्षरं मला पाहवत नव्हती आणि वाचल्याशिवाय पुढेही जाता येत नव्हतं.

कुणकेश्वरच्या महाशिवरात्रीच्या जत्रेला त्याच अक्षरांत जाहिराती लागल्या. दर्शनाला आलेल्या मुंबईच्या एका गृहस्थानं त्या पाहिल्या आणि विचारत विचारत मालवण गाठलं. टाइप ओतणाऱ्या कुठल्याशा कारखान्यात तो मोठ्या जागेवर होता. पॅंट, बूट, आणि बोलणं कचेरीतलं.

"हे अक्षर कोणी तयार केलं?"

"माझ्याकडसून झाला," भिकूशेट म्हणाले.

गृहस्थानं प्रत्येक अक्षराचा ठसा कागदावर घेतला. भिकूशेटांनी त्याला जेवायला ठेवून घेतलं, स्वतः कुर्ल्या शिजवल्या, आणि मलाही बोलावलं. घरात तिसरं माणूस नव्हतं म्हणून असेल. जेवताना गृहस्थ म्हणाला, "आम्ही हे शिशात ओतू. सगळ्या महाराष्ट्रात जाईल. तुमचं नाव देऊ या. 'तोरसकर ठळक', कसं वाटतं?"

"नाव नको."

"अहो, नावाशिवाय विकायचं कसं?"

"नाव दिलेला टिकणा नाय," भिकूशेट म्हणाले आणि त्याला आणखी भात वाढला.

गृहस्थ हसला. खेड्यातल्या माणसाचा विनय, असं काहीतरी त्याला वाटलं असावं. मी ताटाकडे पाहत राहिलो.

ठसे गेले ते गेले. त्या गृहस्थाची पुन्हा काही खबर नाही. मधे बरेच पावसाळे झाले. मग एकदा आम्ही दोघं एसटीनं फोंडाघाटला गेलो. भिकूशेटांना कोल्हापूरहून ट्रकनं येणारा कागद घ्यायचा होता, मला घड्याळांच्या काचा. बाजारात एका दुकानाच्या माथ्यावर नवी कोरी पत्र्याची पाटी होती, चहाच्या पुडीची. भिकूशेट थांबले. मीही वर पाहिलं, आणि मला पाटी वाचायची गरजच पडली नाही. भिंतीपलीकडून ज्या अक्षरांचं बाळंतपण मी ऐकलं होतं, ती मी ओळखणार नाही तर कोण.

भिकूशेट उलटे चालू लागले. घाट उतरून आलेला एक ट्रक ब्रेक करकचून थांबला. मी त्यांची बाही धरून त्यांना कडेला ओढलं. ट्रकवाल्याच्या शिव्या त्यांना ऐकूही गेल्या नसाव्यात.

कागदवाला व्यापारी आमचं पाहत होता. "पाहुणे, ही पाटी आवडली वाटतं. नवीन टाइप आलाय बघा, गजराज म्हणतात त्याला. कोल्हापुरात सगळ्या छापखान्यांनी घेतलाय. साबण, तंबाखू, तमाशा, बघाल तिथं हाच."

"गजराज," भिकूशेट म्हणाले. मग पुन्हा पाटीकडे पाहून, "'ण'चो डोळो बुजवल्यानी."

बाकी काही नाही. परतीच्या गाडीत राग मलाच आवरत नव्हता. मुंबईला जाऊ, त्या माणसाला शोधू, वकील गाठू, पेपरात छापून आणू, मी एकसारखा बोलत होतो. भिकूशेट खिडकीतून बाहेर पाहत होते. कणकवली मागे पडली. शेवटी म्हणाले, "काय सांगू थंय जावन? चेडवाचो पाळणो कापून केलेली अक्षरां माझी, असा सांगू?"

मी काचांचं पुडकं मांडीवर नीट धरलं.

"दुसऱ्याची झाली तां बरा झाला," ते म्हणाले.

त्यानंतर फार दिवस लागले नाहीत. कणकवलीला नवा छापखाना निघाला. त्याच्याकडे विजेचं मशीन, तीन रंगांची शाई आणि शिशातला गजराज. दशावताराची कंपनी तिकडे गेली. बंदराचे फलक तिकडून छापून येऊ लागले. आपल्याच अक्षरांनी भिकूशेटांचं गिऱ्हाईक पळवलं. बाजारात लोक म्हणाले, पाळण्याचा शाप. आबा वाडेकर तर हे माझ्या दुकानात बसून, माझा चहा पिताना म्हणाले, आणि मी त्यांना अडवलं नाही. मलाही तसंच वाटत होतं.

मग एका हिवाळ्यात वहिनींच्या भावाचा निरोप आला. घरातलं लंबकाचं घड्याळ बंद पडलं होतं, आणि ते एवढं मोठं की मालवणला आणणं कठीण. मी आचऱ्यापर्यंत एसटीनं गेलो, पुढे तरीतून खाडी ओलांडून पायी. घड्याळात फारसं काही नव्हतं, कोळ्यांनी घर केलं होतं. भाऊ शेतात होता. वहिनींनी माझं पान वाढलं आणि दाराशी बसल्या. केस पांढरे झाले होते.

"मशीन चलता?" त्यांनी विचारलं.

"कधीमधी."

मी जेवत होतो. त्या अंगणाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "भावजी, तुमच्या मनात तेंच्याविषयी वायट आसा."

मी भात कालवू लागलो.

"सगळ्यांच्याच मनात आसा. पण तेंनी लाकडासाठी पाळणो कापूक नाय."

मी हात थांबवला.

"चेडू गेल्यार मी पाळण्याकडे बसान ऱ्हवलंय. रिकामो पाळणो हलवी होतंय, सकाळसून काळोख पडासर. थांबवलंय तर ता रडात, असा वाटा होता. जेवूक उठाचा तर पाळणो सोडूचो लागतलो, म्हणान जेवी नव्हतंय. तेंनी लय सांगल्यानी. स्वतः भात कालवून तोंडाकडे आणी होते. एकदा माझे पाय धरल्यानी. बायलेचे पाय. मी बघी पण नव्हतंय तेंच्याकडे. मगे एक दिवस करवत घेवन इले."

वाऱ्यानं अंगणातली पानं सरकत होती. त्या बोलत होत्या, कुणा दुसऱ्याचं सांगावं तशा.

"असो राग माका जल्मात येवक नव्हतो. त्या रागात मी चुलीकडे गेलंय आणि टोपातलो सगळो भात जेवलंय. उभ्यान. हातान. ते बाहेर करवत चालवी होते आणि मी आत जेवी होतंय. राग इलो म्हणान भूक लागली, भावजी. नायतर मी त्याच पाळण्याकडे मेलंय असतंय."

"मगे शेटनी कोणाक सांगूक कसा नाय? सगळ्या बाजारान तेंका—"

"काय सांगतले? बायल खुळी झाली होती, असा? लाकडासाठी कापलो म्हटल्यार दोष तेंच्यार. तां तेंका चलला."

मी म्हटलं, "वहिनी, मगे घराक चला. तुमका सगळा ठावक आसा, तर हंय कित्याक रवतास?"

त्यांनी मान हलवली. "जत्रेक तेंचे कागद लागत होते, त्या वाटेन मी जायी नव्हतंय. शेताकडसून वळसो घाली होतंय. तेंचो दोष नाय, ह्यां माका समजता. पण तेंका बघितलंय काय ती करवत ऐकाक येता. समजला म्हणान सोसता असा नाय, भावजी."

एवढं बोलून त्या उठल्या आणि मला आमटी वाढली. पुन्हा त्या विषयावर बोलल्या नाहीत. मी निघताना भाऊ आला, घड्याळाचे ठोके ऐकून खूश झाला, आणि त्यानं मला नारळ दिले.

हे मी आज लिहितो आहे, कारण आता दोघंही नाहीत. तेव्हा बाजारात कुणाला सांगितलं नाही. वहिनींचं ते बोलणं बाजारात मांडायचं, तर भिकूशेटांनी इतकी वर्षं जे झाकलं ते मीच उघडं केलं असतं. आबा वाडेकर त्यानंतरही माझ्याकडे बसून शापाची गोष्ट सांगायचे. मी त्यांना चहा देणं तेवढं बंद केलं.

परत आलो त्या संध्याकाळी भिकूशेट छापखान्याच्या दारात उभे होते. मी कुठे गेलो होतो हे त्यांना ठाऊक होतं. वाटेत मी खूप काही ठरवलं होतं, त्यांना काय काय सांगायचं, कसं सांगायचं. त्यांच्यासमोर आलो, तर आधी तेच बोलले.

"घड्याळ चलला?" त्यांनी विचारलं.

"चलला."

ते माझ्याकडे पाहत नव्हते. रस्त्यापलीकडे एक बाई उरलेली सुकी मासळी गोळा करत होती, तिच्याकडे पाहत होते.

"वहिनी भेटली," मी म्हटलं.

मग आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, "जेवता मां नीट?"

"जेवता," मी म्हटलं.

"बरा," ते म्हणाले, आणि आत गेले. मी तिथेच थोडा वेळ थांबलो. आतून मशीनचा आवाज आला नाही.